गिलाव्याचा आवाज

(दृश्य: रिकामी खोली. भिंतीवर बोटांच्या पेरांनी ठोकल्याचा आवाज.)

ऐका. ठक, ठक, ठक… आणि इथे, डब.

चार बोटांच्या अंतरात आवाज बदलला. नुसतं पाहिलं तर भिंत सगळीकडे सारखीच आहे. पण जिथे आवाज भरीव येतो, तिथे गिलाव्याने वीट अजून घट्ट धरून ठेवली आहे. जिथे पोकळ येतो, तिथे दोघांच्या मध्ये हवा शिरली आहे. जुन्या भिंतीच्या कामाला हातोडी नंतर लागते, आधी कान लागतो. सगळी भिंत अशी ठोकत जायची आणि पोकळ जागांभोवती खडूने रेघ ओढायची. तासाभरात भिंतीचा नकाशाच तयार होतो. मग पुष्कळदा लक्षात येतं, की सगळा गिलावा खरवडून काढायचं ठरवून आपण आलो होतो, तशी गरजच नव्हती.

या खोलीत दोन कामं आहेत. विजेच्या नव्या वायरींसाठी भिंतीत झिरी काढायची आहे आणि खिडकीखाली सुटलेले पोपडे दुरुस्त करायचे आहेत. याच भिंतीत एक नवं दारही पाडायचा बेत होता. त्याकडे पुढे येऊ.

(दृश्य: तळहातावर गिलाव्याची खपली.)

ही खपली नीट बघा. आतला थर जाड, खरबरीत, वाळूचा. वरचा थर पांढरा, गुळगुळीत, नखाएवढा पातळ. आणि मध्ये हे धागे दिसतात ना, ते जनावराचे केस आहेत. चुना वाळताना आकसतो, तडकू पाहतो. केस त्याला बांधून ठेवतात.

चुनखडीचा दगड भट्टीत साधारण ९०० अंश सेल्सिअसला भाजला, की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी घातलं की तो खदखदतो, फुटतो, विरतो. हा विरलेला चुना वाळूत कालवून भिंतीला लावला, की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड थोडा थोडा परत घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे या भिंतीवर कुणीतरी ओला दगड थापला होता आणि तो भिंतीवरच पुन्हा दगड झाला. मला ही गोष्ट अजूनही विलक्षण वाटते. हे घडायला वेळ मात्र लागतो. महिन्याला साधारण १ मिलिमीटर, असा ढोबळ हिशोब आहे. २ सेंटिमीटरचा गिलावा आतपर्यंत पक्का व्हायला दीड वर्षाहून जास्त काळ जातो.

असा गिलावा मऊ असतो आणि त्यातून वाफ ये-जा करते. भिंतीत ओल आली तरी ती पृष्ठभागावरून उडून जाते. हे लक्षात ठेवा, कारण आता आपण खिडकीखाली जातोय.

(दृश्य: खिडकीखालचा करडा चौकोन. भोवती भुसभुशीत कडा.)

हा करडा चौकोन सिमेंटचा आहे. पूर्वी कधीतरी, नक्कीच चांगल्या मनाने, इथे डागडुजी झाली. चौकोन अगदी धडधाकट आहे. खराब झालाय तो त्याच्या भोवतीचा सगळा गिलावा.

पोर्टलँड सिमेंटचं पेटंट जोसेफ ॲस्पडिनने इंग्लंडमध्ये १८२४ साली घेतलं. त्यापुढच्या काळात सिमेंट सगळीकडे पोचलं आणि पक्कं म्हणजे सिमेंट, असं आपल्या डोक्यात बसलं. नव्या बांधकामात ते ठीकच आहे. पण मऊ विटा आणि चुना यांच्या शेजारी त्याचा कडकपणाच नडतो. ऋतू बदलला की भिंत केसभर हलते. चुना तिच्याबरोबर हलतो, सिमेंट हलत नाही, आणि जोडावर चीर पडते. ओलीचं आणखी वाईट. इतके दिवस भिंतभर उडून जाणारं पाणी सिमेंटमागे अडतं आणि कडेने बाहेर येतं. येताना विरघळलेले क्षार घेऊन येतं. पाणी उडतं, क्षार गिलाव्याच्या छिद्रांत स्फटिक होऊन बसतात, फुगतात आणि आतून रेटा देतात. आपण म्हणतो, भिंतीला लोणा लागला. पांढरी भुकटी, मग पोपडे, मग बोटाने खरवडलं तरी झडणारी वाळू. जुन्या भिंतींचं सर्वांत जास्त नुकसान अशा सिमेंटच्या ठिगळांनी केलंय, असं माझं ठाम मत आहे. ठिगळ नेहमी मूळ भिंतीपेक्षा थोडं कमजोर हवं. कधी तुटायची वेळ आलीच तर ठिगळ तुटेल, भिंत वाचेल.

आणि ओल येते कुठून, हे शोधल्याशिवाय थापीला हात लावण्यात अर्थ नाही. इथे खिडकीच्या बाहेरच्या कठड्याचा उतार आत होता. पावसाचं पाणी थेट भिंतीत मुरत होतं. आधी तो उतार बाहेर काढला, मग भिंत वाळू दिली. अशा कामात आठवडे जातात, कधी महिने.

प्रत्येक जुना गिलावा चुन्याचाच असतो असं मात्र नाही. जिप्समचाही असतो. जिप्समचा दगड दीडशे अंशांच्या आसपास तापवून, त्यातलं बरंचसं पाणी घालवून ती भुकटी करतात. पाणी मिळालं की ती मिनिटांत घट्ट होते. खपलीवर व्हिनेगरचा थेंब टाका. चुना असेल तर फेस येतो, निव्वळ जिप्सम असेल तर येत नाही. जिप्समच्या कोरड्या भिंतीला जिप्समच भरा, ते झटपट होतं. ओलसर भिंतीला नको, कारण जिप्सम पाण्यात थोडं थोडं विरघळतं. काही घरांत विटांऐवजी लाकडी पट्ट्यांवर गिलावा असतो. तिथे ओला माल पट्ट्यांमधल्या फटींतून मागे जाऊन आकड्यासारखा वळतो आणि त्या आकड्यांवरच सगळं लटकतं. तिथे ठोकाठोक फार जपून करावी.

(दृश्य: दाराच्या कोपऱ्यातून वर तिरकी गेलेली चीर. तिच्या टोकाशी पेन्सिलची खूण.)

चिरा वाचता यायला हव्यात. जाळीसारख्या बारीक चिरा म्हणजे वरचा थर वाळताना आकसलेला. त्यांची काळजी नको. दाराखिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली, एका बाजूला रुंद होत जाणारी चीर म्हणजे भिंतच हलली आहे. तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने रेघ मारा, शेजारी तारीख लिहा, रुंदी मोजून ठेवा. काही महिन्यांनी पुन्हा बघा. वाढत असेल तर लांबी (पुट्टी) भरून ती झाकू नका, इंजिनिअरला दाखवा.

आता दार. वरच्या मजल्याच्या तुळया या भिंतीवर टेकल्या आहेत. भिंत वरचा भार पेलतेय. दार पाडायचं तर आधी टेकू, मग वर तुळई, तिला दोन्ही बाजूंना निदान १५० मिलिमीटरचा आधार, आणि हे सगळं इंजिनिअरच्या हिशोबाने. मालकांनी ऐकून घेतलं आणि बेत सोडला. मला बरं वाटलं.

झिरीची गोष्टही तशीच, फक्त छोटी. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशाहून खोल नको, आडवी एक षष्ठांशाहून नको. भार वरून खाली येतो. आडवी झिरी त्या वाटेला छेद देते, म्हणून तिला सूट कमी. २२५ मिलिमीटरच्या भिंतीत उभी ७५, आडवी जेमतेम ३७, आणि यात गिलाव्याची जाडी धरायची नाही. आधी वीज बंद करून, टेस्टरने खात्री करून, मशीनने दोन समांतर रेघा कापायच्या. मग मधला गिलावा छिन्नीने अलगद निघतो आणि आजूबाजूला हादरा बसत नाही. वायर बटणापासून सरळ वर किंवा सरळ आडवीच न्या, म्हणजे पुढे खिळा ठोकणाऱ्याला ती कुठे आहे हे ओळखता येईल. बुजवण्याआधी मोजपट्टी धरून एक फोटो काढा.

धुळीबद्दल गंभीरपणे सांगतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती रंगात त्यावर बंदी आली ती १९७८ साली. काही जुन्या गिलाव्यांत ॲस्बेस्टॉसही असतो. शंका असेल तर तुकडा तपासून घ्या, कोरडा रंग घासू नका, लहान मुलांना लांब ठेवा. ओला चुना डोळ्यांत गेला तर डोळा भाजतो, तेव्हा चष्मा हवाच.

(दृश्य: पोपडे काढलेली जागा. ब्रशने धूळ झाडली जातेय. मग पाण्याचे फवारे.)

सुटलेलं सगळं निघालं. कडा आतल्या बाजूला तिरक्या कापल्या, म्हणजे नवा माल त्यांत अडकून राहील. आता पाणी. कोरडी वीट नव्या मालातलं पाणी शोषून घेते आणि त्याची माती होते, म्हणून आधी तिची तहान भागवायची.

माल एकाला तीन. चुना एक भाग, धुतलेली, टोकदार कणांची वाळू तीन भाग. वाळूच्या कणांमधली पोकळी साधारण एक तृतीयांश असते आणि चुना ती भरतो, म्हणून तीन. एका वेळी १० मिलिमीटरहून जाड थर नाही. त्यावर टाचे, म्हणजे बारीक खाचा, मारायचे, पुढच्या थराला पकड मिळते. थर आकसू लागला की लाकडी रंध्याने, म्हणजे गवंड्याच्या सपाट फळीने, पुन्हा दाबायचा. हे दाबणं पुष्कळ जण विसरतात आणि मग चुन्याला नावं ठेवतात. पुढे काही दिवस ओलं गोणपाट. फार लवकर वाळलेला चुना कधी पक्का होत नाही.

आणि ज्या जागा पोकळ वाजल्या, पण फुटल्या नाहीत? त्या काढल्या नाहीत. बारीक भोकं पाडली, आतली धूळ काढली, पाणी सोडलं, पातळ चुना पिचकारीने भरला. वर मऊ कापड, त्यावर फळी, फळीला टेकू. दोन आठवड्यांनी बोटांनी पुन्हा ठोकलं. सात जागांपैकी पाच भरीव वाजल्या. उरलेल्या दोन पुन्हा भरायच्या आहेत.

रंग म्हणून चुन्याचीच सफेदी. प्लास्टिकचा रंग वाफ अडवतो, तो इथे नको. सफेदी लावताना पाण्यासारखी दिसते आणि नवख्या माणसाला वाटतं, काहीच बसलं नाही. मग तो दाट करून लावतो, आणि दाट सफेदी वाळली की झडते. पातळच लावायची आणि थांबायचं. रात्रभरात ती पांढरी होत जाते. दुसरा हात उद्या.