ल्युबेक : विटा, मीठ आणि दोन फुटक्या घंटा

[दृश्य : होल्स्टेनटोर, समोरून.]

हे दोन बुरूज नीट बघा. दोन्ही एकमेकांकडे कललेत.

उत्तर जर्मनीतल्या ल्युबेक शहराचा हा पश्चिम दरवाजा, होल्स्टेनटोर. बांधकाम 1464 ते 1478. खालची जमीन दलदलीची, तिला एवढ्या विटांचं ओझं पेललं नाही. काम चालू असतानाच दक्षिणेकडचा बुरूज खचायला लागला. सगळ्यात खालच्या जंग्या आज रस्त्याच्या पातळीच्याही खाली गेल्यात. 19व्या शतकात हा दरवाजा पाडून टाकावा, असं म्हणणारे बरेच होते. 1863 मध्ये मतदान झालं आणि एका मताने तो वाचला. पुढे पश्चिम जर्मनीच्या 50 मार्कांच्या नोटेवर याचंच चित्र आलं.

दरवाज्याला लागूनच ट्राव्हे नदी आहे, आणि काठावर निमुळत्या छपरांची सहा कोठारं एकमेकांना खेटून उभी आहेत. ही मिठाची कोठारं. ल्युबेकची सगळी श्रीमंती इथून सुरू होते, म्हणून इथे जरा थांबू या.

बाल्टिक समुद्राचं पाणी फार कमी खारट, ऊनही बेताचं. तिथे मिठागरं पिकत नाहीत. पण दक्षिणेला लूनेबुर्ग गावात जमिनीखाली खारं पाणी होतं. ते मोठ्या कढयांत आटवून मीठ काढायचे. 1398 मध्ये स्टेकनिट्झ कालवा पुरा झाला आणि हे मीठ होड्यांतून थेट ल्युबेकला येऊ लागलं. इथून ते जहाजांनी स्कोनेच्या किनाऱ्यावर जायचं. हा प्रदेश आज दक्षिण स्वीडनमध्ये आहे. तिथे हेरिंग मासळी अमाप मिळायची. ती खारवून पिंपांत भरायची आणि युरोपभर विकायची. ख्रिस्ती उपवासाच्या दिवसांत मांस वर्ज्य, मासळी चालते, त्यामुळे गिऱ्हाईक कधी तुटलं नाही. हान्से नावाचा व्यापारी शहरांचा जो बलाढ्य संघ झाला, त्याचं पुढारपण ल्युबेककडे होतं ते या मीठ-मासळीच्या जोरावर.

[दृश्य : बाजारचौक, नगरभवनाची उंच भिंत.]

चढ चढून आपण बाजारचौकात येतो. या सपाट प्रदेशात बांधकामाचा दगड मिळत नाही, म्हणून सगळं विटांचं. नगरभवनाच्या काळ्या, झिलई दिलेल्या विटा उन्हात चमकतात. वरच्या भिंतीतली ती मोठी गोल भोकं वाऱ्याला वाट देण्यासाठी ठेवलेली. समोर 1806 पासूनचं नीडरएगरचं दुकान आहे, मार्झिपान या बदाम-साखरेच्या मिठाईसाठी प्रसिद्ध. खरेदी नंतर. आधी नगरभवनाच्या पाठीमागे जाऊ या.

[दृश्य : मारियेनकिर्श, आतून. कॅमेरा हळूहळू वर.]

मारियेनकिर्श. वरची कमान जमिनीपासून 38.5 मीटरवर, विटांच्या कमानींमध्ये जगात सगळ्यात उंच. हे चर्च व्यापाऱ्यांचं. बिशपचं कॅथेड्रल गावाच्या दुसऱ्या टोकाला. त्याच्यापेक्षा आपलं मोठं व्हावं, ही ईर्ष्या इथल्या विटा-विटांत दिसते. 1705 मध्ये विशीतला संगीतकार योहान सेबास्टियन बाख इथल्या बुक्स्टेहूडे या बुजुर्ग ऑर्गनवादकाला ऐकायला आर्नश्टाट गावाहून आला, सुमारे 400 किलोमीटर चालत. चार आठवड्यांची रजा घेतलेली, परतला जवळपास चार महिन्यांनी.

आता दक्षिण मनोऱ्याच्या तळाशी चला.

28 मार्च 1942 ची रात्र, पाम संडेची, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारची, आदली रात्र. ब्रिटिश विमानांनी जुन्या गावावर आगीचे बॉम्ब टाकले. तीनशेहून जास्त माणसं गेली. हे चर्च पेटलं, मनोऱ्यातल्या दोन घंटा उंचावरून खाली कोसळल्या. त्या आजही पडल्या तिथेच आहेत. काठ जमिनीत रुतलेले, आजूबाजूला काशाचे तुकडे विखुरलेले, आणि भोवतीची फरशी आघाताने फुटलेली. चर्च पुन्हा उभं केलं, छप्पर घातलं, नव्या घंटा चढवल्या; पण या दोघींना कुणी हलवलं नाही. मला वाटतं, या शहराने घेतलेला हा सगळ्यात चांगला निर्णय.

याच चर्चमध्ये उलटंही घडलं. आगीच्या धगीने भिंतींवरचा चुना गळून पडला आणि खालची मध्ययुगीन चित्रं उघडी झाली. युद्धानंतर ती दुरुस्त करायला चित्रकार नेमले. वेदीकडच्या भिंतींवर मूळ चित्रांचं फारसं काही उरलं नव्हतं. तेव्हा लोथार मालस्काट या चित्रकाराने तिथे आपल्याच मनाने संत रंगवले. 1951 मध्ये चर्चच्या 700 वर्षांच्या सोहळ्याला पश्चिम जर्मनीचे चान्सलर आडेनाउअर आले, टपाल तिकिटं निघाली, तज्ज्ञांनी वाखाणणी केली. पुढच्याच वर्षी मालस्काटने स्वतः कबूल केलं, की हे काम माझं आहे. खटला झाला, त्याला शिक्षा झाली, आणि ते बनावट संत भिंतीवरून काढून टाकले.

[दृश्य : ग्लोकनगीसरश्ट्रासे, बोळाचं तोंड.]

इथून पुढे वाकून चालायचं. घरांच्या मधून आत शिरणारे हे बुटके बोळ, इथे त्यांना गेंगे म्हणतात. जागा अपुरी पडली तशी श्रीमंतांच्या परसात मजुरांची, खलाशांची खोपटी उभी राहिली. आज सुमारे नव्वद बोळ शिल्लक आहेत. आत गुलाबाच्या वेली, खिडकीत मांजरं. लोक राहतात इथे, तेव्हा आवाज जपून. शेजारचा फ्युख्टिंग्सहोफ हा घरांचा चौक त्यामानाने प्रशस्त. व्यापाऱ्यांच्या आणि जहाजाच्या कप्तानांच्या विधवांसाठी 1639 मध्ये बांधलेला.

कोबेर्ग चौकाशी खलाशांचं याकोबी चर्च आहे. त्यात एक फुटकी होडी ठेवलीय. ‘पामीर’ हे शिडाचं प्रशिक्षण जहाज 1957 च्या सप्टेंबरात अटलांटिकमधल्या वादळात बुडालं. 86 जणांपैकी सहाच वाचले. त्याच जहाजाची ही जीवरक्षक होडी. समोरच कप्तानांच्या संघाचं 1535 पासूनचं घर. तिथे आता जेवण मिळतं, डोक्यावर जहाजांच्या प्रतिकृती टांगलेल्या.

आणि चौकाच्या पूर्वेला, चार सडपातळ मनोऱ्यांचं हायलिगेन-गाइस्ट हॉस्पिटल. 1286 मध्ये इथल्या व्यापाऱ्यांनी गरीब आणि आजारी लोकांसाठी काढलेलं. मागच्या लांबलचक दालनात लाकडी खोल्यांच्या रांगा आहेत. एक खाट, एक कपाट, संपली जागा. म्हातारी माणसं या खोल्यांत 1970 पर्यंत राहत होती. इमारतीच्या एका भागात त्यानंतरही बरीच वर्षं वृद्धाश्रम चालू होता.