डायनासोरचं शेण बघितलंय का?

नमस्कार मंडळी, आणि रेडिओजवळ बसलेल्या सगळ्या पोरापोरींनो, सुट्टी लागलीय, आईबाबांचा मोबाईल हातात येणारच, तर आज टी-रेक्स टाईप करू नका, तो अमेरिकेतला आणि तुम्हाला पाठ आहे. टाईप करा पिसदुरा. पिसदुरा! आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याकडे.

तिथे डायनासोरची हाडं सापडलीत, पण मला हाडांपेक्षा भारी वाटतं ते शेण. हो, शेणच, दगड झालेलं, साडेसहा कोटी वर्षांहून जुनं. हसून घ्या आधी. झालं? तर लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्यासोबतच्या शास्त्रज्ञांनी हे शेण लॅबमध्ये नेलं, मायक्रोस्कोपखाली बघितलं, आणि त्यात काय निघालं माहितीये, गवत! म्हणजे गवताची पाती नाही हां, गवताच्या आत वाळूसारखे बारीक कण असतात, सिलिकाचे, त्यानेच तर भाताचं पातं हाताला कापतं, आणि पातं कुजलं तरी हे कण टिकतात. तेच कण शेणात होते, त्यातले काही तर भात आणि बांबूच्या नात्यातल्या गवतांचे. तोपर्यंत सगळे काय धरून चालले होते, की डायनासोर होते तेव्हा गवत नव्हतंच, गवत नंतर आलं. २००५ साली हे छापून आलं आणि तो समज गेला. शेण बहुतेक टायटॅनोसॉरचं, लांब मानेचं अगडबंब जनावर. पुन्हा सांगते, डायनासोर गवत खायचे, आणि ते कळलं चंद्रपूरच्या शेणातून.

आता पालकांनो, चित्रं प्रिंट काढून चार्टपेपरवर तुम्हीच चिकटवता ना, ते बंद करा बरं, प्रोजेक्ट पोरांचा आहे, वाकडा झाला तर होऊ दे. आणि शाळेनेही एवढे चार्टपेपर मागवू नयेत, असं माझं आपलं मत.

असो. आदिमानव बघायचे असतील तर अमेरिकेतल्या स्मिथसोनियन म्युझियमच्या साईटवर जा, कवट्या थ्रीडीमध्ये बोटाने गोल फिरवता येतात, फुकट. भुवयांवरचं हाड बघा, मग स्वतःच्या कपाळावर हात फिरवा. आणि भारतातली आदिमानवाची कवटी हवी तर शोधा हथनोरा, मध्य प्रदेशात नर्मदेकाठी, १९८२ साली अरुण सोनकिया या भूवैज्ञानिकांना सापडली, कवटीचा फक्त वरचा भाग. मॅपवर हथनोरा टाका, सॅटेलाईट लावा, आणि नदी किती जवळ आहे ते मोजा.