लोणच्याची बरणी आणि पाण्याचा माठ

श्रोतेहो, नमस्कार.

लोणच्याच्या बरणीत कुणी ओला हात घातला तर घरात काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. आजीचा आवाज तीन घरं पलीकडे ऐकू जातो. चमचा कोरडाच हवा, बरणीचा दादरा घट्ट हवा, उष्टा हात तर लांबच! आणि त्याच स्वयंपाकघरात पाण्याचा माठ असतो. त्यात येईल तो पेला बुडवतो, पेल्याबरोबर चार बोटंही बुडवतो. तेव्हा कुणी चकार शब्द काढत नाही.

पाऊस सुरू झाला की माझ्या दवाखान्यात आव पडलेली पोरं येऊ लागतात. एका पावसाळ्यात असंच एक घर आलं. सोमवारी चार वर्षांचा मुलगा, ताप, पोटात मुरडा, शीतून रक्त. बुधवारी त्याची बहीण. गुरुवारी आजी. वडील म्हणाले, "डॉक्टर, बाजारातली भेळ बाधली." बाजार होऊन आठवडा उलटला होता, आणि आजीला तर दातच नव्हते, ती भेळ कुठून खाणार?

पहिला आजार कुठून आला हे आपल्याला बहुतेक वेळा कळत नाही. दुसरा आणि तिसरा मात्र घरातच लागलेला असतो. रक्ती आव करणारा शिगेला नावाचा जंतू जपानच्या कियोशी शिगा यांनी 1897 साली शोधला. पटकी, म्हणजे कॉलरा, व्हायला साधारणपणे लाखो-कोटी जंतू पोटात जावे लागतात. शिगेलाचे 10 ते 100 पुरतात. म्हणजे नखाखाली जी मळाची रेघ दिसत नाही, तीसुद्धा भरपूर झाली. जंतू पोटात गेल्यावर बहुधा 1 ते 3 दिवसांत त्रास सुरू होतो. आता सोमवार, बुधवार, गुरुवार मोजून बघा.

मी त्या घरी गेलो. संडासला जाऊन आलेलं पोर नळाशी उभं राहतं आणि घाण हातानं तोटी उघडतं. हात धुतं, आणि त्याच तोटीला धुतलेला हात लावून ती बंद करतं. झालं, धुणं फुकट! शेजारी एकच पंचा, सगळ्यांच्या हातांना. त्याच मोरीत बाळाचे लंगोट धुतात आणि तिथेच कपबश्या विसळतात. "तान्ह्या बाळाची शी, तिला कसली आलीय घाण," असं आजी म्हणाल्या. घाण आहे, आजी. मोठ्या माणसाच्या शीइतकीच आहे.

मग करायचं काय? हाताला साबण लावलात की तोच फेस तोटीलाही चोळा, मग दोन्ही एकदम धुवा. बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखं, सगळं मिळून वीस सेकंद तरी. संडासाची कडी आणि पाण्याचं टमरेल रोज साबणानं धुवा. आजारी माणसाचा पंचा वेगळा, लंगोट वेगळ्या बादलीत, आणि वाळवायला कडक ऊन.

साबणावर माझा एवढा भर का? ढाक्यात आव झालेल्या रुग्णांच्या घरी साबण देऊन पाहिला होता. तो अभ्यास 1982 साली छापून आला. साबण मिळालेल्या घरांत इतरांना झालेली लागण जवळजवळ एक तृतीयांशावर आली. साधा साबण, कुठलं औषध नव्हे.

पाणी खळखळ उकळी फुटल्यावर मिनिटभर उकळा, किंवा आशाताईंकडून मेडिक्लोर, म्हणजे पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं औषध, घेऊन बाटलीवर लिहिलंय तसं टाका आणि अर्धा तास थांबा. पण उकळलेल्या पाण्यात पेला बुडवलात तर सगळी मेहनत गेली. लांब दांड्याचं ओगराळं आणा. तेही जमिनीवर नको, खुंटीला लटकवा.

स्वयंपाकाचं बोलायचं तर तव्यावरची गरम भाकरी सहसा बाधत नाही. बाधते ती नंतर हातानं कालवलेली कोशिंबीर, दहीभात, चटणी. जुलाब लागलेल्यानं जुलाब थांबून किमान दोन दिवस होईपर्यंत चुलीपाशी जाऊ नये. हे म्हटलं की बायका हसतात, कारण आजारी असली तरी पोळ्या तिनंच लाटायच्या असतात. तर पुरुषांनो, दोन दिवस खिचडी तुम्ही टाका. येत नसेल तर फोनवर विचारा. आणि पोर बरं झालं म्हणून साबण विसरू नका, जंतू पुढे चार आठवड्यांपर्यंतही शीतून पडत राहतात.

शीतून रक्त, ताप, डोळे खोल जाणं, लघवी कमी होणं, पोर पाणीही न घेणं, यातलं काहीही दिसलं तर दवाखाना गाठा. कपाटातल्या उरलेल्या गोळ्या देऊ नका, जुलाब थांबवणाऱ्या तर मुलांना अजिबात नको. ओआरएसची मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात, चोवीस तासांत संपवायची. मुलांना झिंक 14 दिवस, तेही डॉक्टरांना विचारून.

त्या घरी मी महिन्यानं परत गेलो. ओगराळं खुंटीला होतं. साबण मात्र दिसेना. आजी म्हणाल्या, कावळ्यानं दोनदा पळवला, म्हणून नातवाच्या जुन्या मोज्यात घालून नळाला बांधलाय. मोज्यासकटच हात चोळायचे. मीही चोळून पाहिले, फेस झकास येतो.

नमस्कार.