खुर्ची कागदावर, दार किल्लीवर

श्रोतेहो, नमस्कार. मायदेशात रातोरात सरकार उलथलं, तर परदेशात बसलेल्या राजदूताचं काय होतं? हिंमत तर लागतेच. पण त्याच्या नेमणुकीचा कागद कोणाकडे दिलेला आहे, यावरही बरंच अवलंबून असतं. म्यानमारच्या दोन राजदूतांची उदाहरणं घेऊ.

१ फेब्रुवारी २०२१ ला तिथल्या लष्कराने सत्ता बळकावली. निवडून आलेल्या सरकारच्या नेत्या आंग सान स्यू ची अटकेत गेल्या. न्यूयॉर्कमध्ये, संयुक्त राष्ट्रांत, म्यानमारचे प्रतिनिधी होते क्याव मो तुन. २६ फेब्रुवारीला आमसभेत ते बोलायला उभे राहिले. लष्कराविरुद्ध कठोर कारवाई करा, अशी मागणी त्यांनी केली आणि शेवटी तीन बोटं उंचावली. ही तिथल्या निदर्शकांची खूण. दुसऱ्या दिवशी सरकारी टीव्हीवर त्यांची बडतर्फी जाहीर झाली. लष्कराने त्यांच्या जागी त्यांच्याच उपप्रमुखाला नेमलं, तर त्याने राजीनामा दिला!

मग खुर्ची कोणाची? आमसभेचा नियम असा, की प्रत्येक देशाने अधिवेशनाच्या निदान आठवडाभर आधी आपल्या प्रतिनिधींची अधिकारपत्रं महासचिवांकडे द्यायची. सही राष्ट्रप्रमुखाची, सरकारप्रमुखाची नाहीतर परराष्ट्रमंत्र्याची. ही पत्रं नऊ देशांची समिती तपासते. एखाद्या प्रतिनिधीवर हरकत आली, तरी समितीचा अहवाल येऊन आमसभेचा निर्णय होईपर्यंत तो सगळ्या हक्कांसह बसतो. क्याव मो तुन यांची पत्रं आधीच्या अधिवेशनात मान्य झालेली होती. २०२१ च्या समितीत अमेरिका होती, तशीच चीन आणि रशियाही. डिसेंबरमध्ये समितीने निर्णय पुढे ढकलला. ढकलला, म्हणजे आहे तोच माणूस बसून राहिला. मुत्सद्देगिरीत ‘नंतर बघू’ हासुद्धा निकालच असतो.

त्या खुर्चीचा उपयोग काय, ते २ मार्च २०२२ ला दिसलं. युक्रेनवरच्या आक्रमणाचा निषेध करणारा ठराव आमसभेत १४१ मतांनी मंजूर झाला. त्यात एक मत म्यानमारचं होतं, आणि इकडे लष्करी राजवट उघडपणे रशियाची बाजू घेत होती. त्याच्या जेमतेम दहा दिवस आधी, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात रोहिंग्यांच्या खटल्यात म्यानमारच्या वतीने उभे राहिले ते मात्र लष्कराने पाठवलेले लोक. एकच देश, दोन दालनांत दोन तोंडं.

आता लंडन. तिथले म्यानमारचे राजदूत क्याव झ्वार मिन यांनी मार्च २०२१ मध्ये स्यू ची यांच्या सुटकेची मागणी केली. ७ एप्रिलच्या संध्याकाळी ते दूतावासाबाहेर पडले आणि परत आले तर दार आतून बंद. आत त्यांचाच उपप्रमुख आणि लष्करी अताशे, म्हणजे दूतावासात नेमलेला लष्कराचा अधिकारी. पोलीस आले, पण बाहेरच थांबले. राजनैतिक संबंधांवरच्या १९६१ च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे मिशनप्रमुखाच्या, म्हणजे दूतावासाच्या प्रमुखाच्या, संमतीशिवाय यजमान देशाचा शिपाईही दूतावासात पाऊल टाकू शकत नाही. आता मिशनप्रमुख कोण, हाच तर वाद! राजदूताने ती रात्र गाडीत काढली.

इथे वाचवायला समिती नव्हती. राजदूत एका सरकारकडून दुसऱ्या सरकारकडे जातो. पाठवणाऱ्याने ‘याचं काम संपलं’ असं रीतसर कळवलं, की तिथे त्याचं काम संपतं. तशी सूचना लंडनला पोचली. ब्रिटनने राजवटीवर टीका केली, पण सूचना मान्य केली. खरी चूक, आमच्या मते, दाराची: किल्ली, शिक्का आणि बँकेतली सही कोणाच्या हातात आहे, हे पाहून मगच तोंड उघडायचं असतं.

१९७१ मध्ये बगदादला पाकिस्तानचे राजदूत असलेले बंगाली अधिकारी अबुल फतेह यांनी हे नेमकं ओळखलं. आधी दूतावासाच्या खात्यातली रक्कम काढली, मग कुवेतमार्गे लंडन गाठलं आणि त्यानंतर बांगलादेशची बाजू जाहीर केली.

कोलकात्यात तर अख्खी इमारतच फिरली. १७ एप्रिल १९७१ ला मुजीबनगरला बांगलादेशच्या हंगामी सरकारचा शपथविधी झाला. दुसऱ्याच दिवशी पाकिस्तानचे उपउच्चायुक्त हुसेन अली यांनी सुमारे ६५ बंगाली कर्मचाऱ्यांसह सर्कस ॲव्हेन्यूवरच्या कार्यालयावर नवा झेंडा चढवला. लंडनच्या उलट, इथे आतली बहुसंख्य माणसं प्रमुखाच्या बाजूची होती आणि यजमान भारतही आडवा आला नाही. पाकिस्तानने नवा अधिकारी पाठवला, पण इमारत काही त्याच्या ताब्यात आली नाही. पुढे त्याच जागी बांगलादेशचं उपउच्चायुक्तालय चालू राहिलं. रस्त्याचं नाव तेवढं बदललं: बंगबंधू शेख मुजीब सरणी. घराचा क्रमांक तोच, नऊ.