पहिलं बाळंतपण माहेरी

सुरुवातीलाच एक विचारतो. ज्यांचा मुलगा, मुलगी, भाचा, पुतणी अमेरिकेत आहे, त्यांनी जरा हात वर करा. निम्म्याहून जास्त! मग एच-१बी म्हणजे नोकरीचा तात्पुरता व्हिसा आणि ग्रीन कार्ड म्हणजे कायम राहायचा परवाना, यापलीकडे त्यात वेळ घालवत नाही. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘अमेरिकेचा स्थलांतर कायदा : तरतुदी, निकाल, विधेयकं’. तिन्हींकडे येतो, पण आधी एका बाळंतपणाची गोष्ट.

माझी मावसबहीण लग्नानंतर मस्कतला गेली. मेव्हणे तिथे नोकरीला होते. पहिल्या खेपेला आपल्या रीतीप्रमाणे सातव्या महिन्यात ती माहेरी नागपूरला आली. मावशीनं हौसेनं सगळं केलं. ओटी भरली, डिंकाचे लाडू, अळीव, बाळाला शेकशेगडी. मुलगा झाला. महानगरपालिकेचा दाखला निघाला, त्यावर जन्मस्थळ नागपूर. तीन वर्षांनी पुन्हा दिवस गेले, तेव्हा मावशी अंथरुणाला खिळलेली, करणार कोण? म्हणून धाकटा मस्कतलाच झाला.

दोघांचा पासपोर्ट भारताचाच. दोघं इंजिनिअर, दोघं अमेरिकेत, ग्रीन कार्डाचा वर्गही एकच. थोरल्याची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत नाव लागल्याची तारीख, २०१५ सालची, धाकट्याची २०१८ ची. धाकट्याच्या हातात २०२० साली कार्ड पडलं. थोरला अजून रांगेत आहे. कुठल्या तारखेपर्यंतच्या लोकांचा नंबर लागला ते अमेरिकी सरकार दर महिन्याला व्हिसा बुलेटिनमध्ये छापतं. २०२५ च्या ऑगस्टचं बुलेटिन मी मुद्दाम उघडून पाहिलं. त्याच्या वर्गात, म्हणजे उच्च पदवीवाल्यांच्या ईबी-२ मध्ये, भारताची तारीख होती १ जानेवारी २०१३. एप्रिल महिन्यापासून ती तिथून हललेली नव्हती.

कारण अमेरिका तुमचं नागरिकत्व विचारत नाही, जन्म कुठं झाला ते विचारते. १९९० च्या कायद्यानं नोकरीच्या वाटेनं वर्षाला १,४०,००० ग्रीन कार्डं ठरवली, आणि त्यात एका देशात जन्मलेल्यांना ढोबळमानानं सात टक्के. म्हणजे ९,८००. भारतालाही ९,८०० आणि आइसलँडलाही ९,८००! इतरांची उरली तर वरची मिळतात, पण ती मिळूनही रांग सरत नाही.

ही चाल जुनी आहे. १९२४ च्या कायद्यानं देशवार कोटे बांधले आणि आपल्यासारख्यांना दारच बंद केलं. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं, भारतीयांना वर्षाला शंभर जागा! १९६५ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवीच्या पायथ्याशी बसून नव्या कायद्यावर सही केली आणि ते कोटे गेले. प्रत्येक देशावरची कमाल मर्यादा मात्र राहिली, आणि मोजायचं माप जन्मस्थळच राहिलं.

नवराबायकोपैकी एकाचा जन्म दुसऱ्या देशातला असेल, तर त्या देशाच्या रांगेत दोघांना उभं राहता येतं. त्यामुळे स्थळ पाहताना रास आणि नाडीच्या जोडीला ‘मुलीचा जन्म गल्फमधला का हो?’ असं विचारलेलं मी या कानांनी ऐकलंय. हसलात ना? माझी बहीण हसत नाही. बाहत्तर वर्षांची आहे. परवा फोनवर म्हणाली, “दादा, मी तेव्हा माहेरी गेले नसते तर?” एका आईला आपल्या माहेरपणाचा पश्चात्ताप व्हावा, असा कायदा मला मान्य नाही.

सभेच्या अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरली आहेत. तेव्हा निकाल आणि विधेयकं भराभर सांगतो.

थोरल्याची मुलगी चौथ्या वर्षी तिकडे गेली. पुढच्या मे महिन्यात तिला एकवीस पूर्ण होतील, आणि मग ती बापाच्या अर्जातून बाहेर पडेल. २००२ च्या कायद्यानं वयातून थोडी सूट दिली, पण पिटिशन, म्हणजे ग्रीन कार्डासाठीचा मूळ अर्ज, सरकारी टेबलावर पडून होतं तेवढ्याच काळाची. रांगेतली वर्षं वजा होत नाहीत. त्याच कायद्यात असंही लिहिलंय की मूल वयातून निघालं तर अर्ज आपोआप योग्य वर्गात बदलावा आणि मूळ तारीख टिकावी. एल साल्वाडोरच्या क्वेलार दे ओसोरियो या बाईंनी नेमकं तेच मागितलं. त्यांच्या आईनं १९९८ मध्ये त्यांच्यासाठी अर्ज केला तेव्हा या बाईंचा मुलगा तेरा वर्षांचा होता. २००५ मध्ये नंबर लागला, त्याच्या चार महिने आधी मुलाला एकवीस पूर्ण झाली होती. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्या ५ विरुद्ध ४ मतांनी हरल्या. न्या. एलेना केगन यांचं म्हणणं, कलम संदिग्ध आहे, म्हणून खात्यानं लावलेला अर्थ चालेल. न्या. सोटोमायर यांनी विरोधी मत लिहिलं, आणि मला तेच पटतं. खात्याच्या अर्थापुढे मान तुकवायचं हे ‘शेव्हरॉन’ तत्त्व २०२४ मध्ये त्याच न्यायालयानं मोडीत काढलं. पण त्यावर उभे असलेले जुने निकाल कायम ठेवले! पाया उखडला आणि भिंत तशीच ठेवली.

विधेयकं. देशवार मर्यादा काढणारं विधेयक २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ असं मंजूर झालं. सिनेटनं डिसेंबर २०२० मध्ये वेगळा मसुदा मंजूर केला, दोन्हींचा मेळ बसायच्या आत तिथल्या काँग्रेसची, म्हणजे संसदेची, मुदत संपली. २०२२ च्या डिसेंबरात अशाच मागणीचा ईगल अ‍ॅक्ट मतदानाआधीच मागे घेतला. पण नुसती मर्यादा काढली तर आपला भार इतर देशांच्या लोकांवर पडेल, तोही अन्यायच. माझं मागणं असं : १,४०,००० मध्ये बायकामुलं मोजणं थांबवा, आणि मुलांचं वय अर्जाच्या दिवशी गोठवा. वय गोठवण्याची तरतूद २०२१ च्या ‘अमेरिकाज चिल्ड्रन अ‍ॅक्ट’मध्ये होती. ते विधेयकही पुढे सरकलं नाही.

वेळ संपली. ज्यांची नातवंडं तिकडे चौदा-पंधराची झाली आहेत, त्यांनी मला खाली भेटा. मुलाची प्रायॉरिटी डेट, पिटिशन किती दिवस पडून होतं, आणि सुनेचा जन्म कुठला, एवढं फोन करून विचारून ठेवा. हिशेब आपण बसून करू.