बॉयलरचं पाणी किती तापवायचं?

(इंग्लंडमधल्या मराठी कुटुंबांच्या एका मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मी इथे बॉयलर आणि हीटिंगचं काम करतो. ऑक्टोबर लागला की आपल्या लोकांचे फोन सुरू होतात आणि विचारणा बहुधा एकाच गोष्टीची असते: हीटिंग किती वेळ लावायचं? सकाळी तासभर पुरेल का, रात्री बंद केलं तर चालेल का. रेडिएटरमधून फिरणारं पाणी बॉयलर किती अंशांपर्यंत तापवतोय, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. तुमचा गॅस वाया जातो तो बराचसा तिथेच. म्हणून आज सुरुवात तिथूनच करतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ सालच्या एप्रिलपासून नवीन गॅस बॉयलर कंडेन्सिंग प्रकारचाच बसवावा लागतो. म्हणजे तुमच्यापैकी जवळजवळ सगळ्यांकडे तोच असणार. गॅस जळला की धुराबरोबर पाण्याची वाफ तयार होते आणि त्या वाफेत बरीच उष्णता अडकलेली असते. जुने बॉयलर ती बाहेर सोडून द्यायचे. कंडेन्सिंग बॉयलर वाफेचं पाणी करतो आणि ती उष्णता परत मिळवतो. पण त्याला एक अट आहे. रेडिएटरमधून फिरून परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असलं पाहिजे. ते त्याहून गरम असेल तर वाफेचं पाणी होतच नाही. तुम्ही महागाचा बॉयलर घेतलेला असतो आणि तो चालतो मात्र जुन्यासारखा.

बसवणारे लोक जाताना पाण्याचं तापमान ७५-८० अंशांवर ठेवून जातात. गिऱ्हाइकाने रेडिएटरला हात लावला की चटका बसला पाहिजे, म्हणजे काम चांगलं झालं असं त्याला वाटतं. मग पुढे वर्षानुवर्षं त्या बटणाला कुणी हात लावत नाही.

आज घरी गेलात की बॉयलरसमोर उभे राहा. कॉम्बी बॉयलर असेल, म्हणजे गरम पाण्याची वेगळी टाकी नसेल, तर दोन बटणं किंवा दोन सेटिंग दिसतील. एकावर नळाचं चित्र असतं, दुसऱ्यावर रेडिएटरचं. नळाचं बटण आंघोळीच्या पाण्याचं. रेडिएटरचं ६० वर आणा. यात काही उघडायचं नाही, कुणाला बोलवायचं नाही. एवढ्याने हीटिंगचा ६ ते ८ टक्के गॅस वाचतो असा या क्षेत्रातल्या जाणकारांचा अंदाज आहे. नेस्टा नावाच्या संस्थेने २०२२ साली, गॅसचे भाव भडकले होते तेव्हा, याच एका गोष्टीसाठी देशभर मोहीम चालवली होती.

घरात गरम पाण्याचा सिलिंडर असेल तर मात्र ६५ च्या खाली जाऊ नका. सिलिंडरमधलं पाणी ६० अंशांपर्यंत तापलं नाही तर त्यात लीजनेला नावाचे जंतू वाढू शकतात. तिथे काटकसर करायची नाही.

पाणी कमी तापवलं की रेडिएटर हाताला कोमट लागेल. बॉयलर बिघडला असं समजू नका. खोली गरम व्हायला थोडा जास्त वेळ लागेल, म्हणून टायमर अर्धा तास अलीकडे ओढा. खोली तुम्ही थर्मोस्टॅटवर लावलेल्या तापमानापर्यंत पोचणारच. अगदी कडाक्याच्या थंडीत पोचत नसेल तर त्या आठवड्यापुरतं पाच अंशांनी वाढवा. आणि थर्मोस्टॅट एकदम ३० वर नेल्याने घर लवकर तापत नाही. ते त्याच वेगाने तापतं, फक्त थांबायचं तिथे थांबत नाही.

हे सगळं इतकं लावून धरतो, कारण आपल्याकडे बचतीची पद्धत उलटी आहे. आपण बॉयलर ८० वर ठेवतो आणि घर गार ठेवतो. भारतातून आई-वडील सहा महिन्यांसाठी येतात. मुलगा-सून कामावर जातात. साताऱ्याच्या एक आजी मला भेटल्या होत्या. कानटोपी, दोन स्वेटर, वर शाल, आणि बसल्या होत्या सोफ्याच्या कोपऱ्यात. मी रेडिएटर बघत होतो तर म्हणाल्या, "हे चालू झालं तरी मी बंद करते बाबा, पोरांना बिल येतं." खोलीत १४ अंश होते. जागतिक आरोग्य संघटना घरात किमान १८ अंश असावेत असं सांगते, आणि म्हाताऱ्या माणसांना, लहान बाळांना त्याहून थोडं जास्तच लागतं. गारठ्याने रक्तदाब वाढतो, दम्याच्या माणसाला त्रास होतो. त्या घरातला बॉयलर मी ६० वर आणला, थर्मोस्टॅट २० वर ठेवला आणि आजींना सांगितलं की आता याला हात लावायचा नाही, बिलाचं मी तुमच्या मुलाशी बोलतो. तुमच्या घरी आई-बाबा असतील तर हे तुम्हीच त्यांना बसवून सांगा. त्यांना आपण होऊन हीटिंग लावायचा संकोच वाटतो.

बिलाच्या याच धास्तीने लोक पाहुण्यांच्या खोलीत विजेचा हीटर आणून ठेवतात. इथे विजेचं युनिट गॅसच्या युनिटच्या साधारण चौपट महाग आहे, हे पक्कं ध्यानात ठेवा. दोन किलोवॉटचा हीटर सलग आठ तास चालला की १६ युनिटं. युनिटला २५ पेन्स धरले तरी दिवसाला ४ पौंड. त्याच आठ तासांत शंभर वॉटचं इलेक्ट्रिक ब्लँकेट एक युनिटसुद्धा खात नाही. बसल्या जागी एका माणसाला ऊब हवी असेल तर ब्लँकेट उत्तम, पण खोली तापवायचं काम गॅसच्या रेडिएटरवरच सोपवा. ज्या खोलीत कुणी बसत नाही तिथल्या रेडिएटरच्या बाजूचा आकड्यांचा व्हॉल्व्ह १ किंवा २ वर ठेवा, पूर्ण बंद नको. थर्मोस्टॅट ज्या खोलीत आहे तिथला व्हॉल्व्ह मात्र सगळा उघडा हवा, नाहीतर दोघांची ओढाताण होते आणि बाकीच्या खोल्या उगाच तापत राहतात.

आता रेडिएटर. रेडिएटर वरून गार आणि खालून गरम लागत असेल तर आत हवा साठली आहे. हे तुम्ही स्वतः करू शकता. हीटिंग बंद करा, रेडिएटर गार होऊ द्या. वरच्या कोपऱ्यात चौकोनी तोंडाचा छोटा स्क्रू असतो, त्याला रेडिएटरची चावी लावा, खाली फडकं धरा आणि डावीकडे अर्धा फेरा, बस. फुस्स असा आवाज येतो. आवाज थांबून पाण्याची धार लागली की लगेच आवळा. त्यानंतर बॉयलरवरच्या काट्याकडे बघा. यंत्रणा गार असताना दाब १ ते १.५ बार असावा. कमी असेल तर बॉयलरखाली जाळीदार चंदेरी नळी असते, तिचे कॉक हळूहळू उघडून पाणी भरा आणि दोन्ही टोकं घट्ट बंद करा.

हे वर्षातून एखाद-दोनदा करावं लागलं तर ठीक. दर आठवड्याला दाब उतरत असेल तर पाणी भरत बसू नका. कुठेतरी गळती आहे किंवा बॉयलरमधलं दाब सांभाळणारं भांडं गेलंय. प्रत्येक वेळी नवीन पाण्याबरोबर नवीन ऑक्सिजन आत जातो आणि रेडिएटर आतून गंजतात. तो गंज काळ्या चिखलासारखा तळाशी बसतो. रेडिएटर वर गरम आणि खाली मधोमध गार लागतो, तो याच गाळाने. मग चावी फिरवून उपयोग नाही, यंत्रणा धुवावी लागते, पाण्यात गंजरोधक घालावं लागतं आणि चुंबकाचा फिल्टर बसवून घ्यावा लागतो. खर्च आहे, पण त्या गाळाने पंप जातो, उष्णता देणारा मुख्य भाग चोंदतो. तो खर्च कितीतरी मोठा.

ओल आणि बुरशीबद्दल जरा थांबून बोलायचंय. आपल्या स्वयंपाकात वाफ फार. कुकरच्या शिट्ट्या, फोडणी, उकळता चहा. त्यात बाहेर पाऊस म्हणून कपडे रेडिएटरवर वाळत घातलेले. वॉशिंग मशीनच्या एका भरगच्च घाण्यातून दोन लिटरपर्यंत पाणी घरातल्या हवेत जातं. ही दमट हवा गार भिंतीला टेकली की तिथे पाणी सुटतं, आणि कपाटामागे, खिडकीच्या कडेला काळे ठिपके दिसायला लागतात. स्वयंपाक करताना पंखा लावा आणि स्वयंपाकघराचं दार लावून घ्या, नंतर दहा मिनिटं खिडकी उघडा. एवढ्याने भिंती गार होत नाहीत, फक्त हवा बदलते. खिडकीच्या वरच्या चौकटीतली बारीक फट चिकटपट्टीने बंद करू नका, ती मुद्दाम ठेवलेली असते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

पण बुरशी दिसली की तुम्हीच दोषी, असं मानू नका. रॉचडेलमध्ये डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा गेला. घरातल्या बुरशीत दीर्घ काळ राहिल्यामुळे झालेल्या श्वसनाच्या विकाराने तो गेला, असा निष्कर्ष २०२२ सालच्या मृत्यूचौकशीत निघाला. त्याच्या आई-वडिलांनी वारंवार तक्रार केली होती आणि त्यांच्या राहणीकडे बोट दाखवलं गेलं होतं. हे वाचलं तेव्हा माझा जीव कासावीस झाला, कारण "तुम्ही लोक स्वयंपाक फार करता" हे वाक्य आपल्यातल्या किती भाडेकरूंनी ऐकलंय. त्या मुलाच्या नावाचा कायदा इंग्लंडमध्ये २७ ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक गृहनिर्माणाच्या, म्हणजे कौन्सिलच्या किंवा हाउसिंग असोसिएशनच्या, भाड्याच्या घरांना लागू झाला आहे. धोकादायक ओल आणि बुरशीची चौकशी-दुरुस्ती ठरलेल्या मुदतीत करणं घरमालकावर बंधनकारक झालंय. खासगी भाड्याच्या घरात असाल तरी लेखी तक्रार करा, तारखेसह फोटो ठेवा. छत गळतंय, भिंतीत पाणी मुरतंय, हे तुमच्या फोडणीने होत नाही.

घराच्या फटींचं म्हणाल तर जुन्या व्हिक्टोरियन घरांत लाकडी जमिनीच्या फळ्यांमधून, दारातल्या पत्रं टाकायच्या फटीतून आणि न वापरल्या जाणाऱ्या धुराड्यातून भरपूर वारा येतो. ब्रश, पट्ट्या, जाड पडदे, सगळं स्वस्तात मिळतं. पडदा रेडिएटरवर लोंबू देऊ नका आणि सोफा त्याला चिकटवू नका. स्वतःचं घर असेल तर लॉफ्टमध्ये, म्हणजे छपराखालच्या माळ्यावर, जाऊन बघा. तिथे उष्णता अडवणाऱ्या लोकरीचा थर २७० मिलिमीटर असावा अशी शिफारस आहे, जुन्या घरांत त्याच्या निम्माही नसतो. बॉयलर बदलायच्या आधी तो भरून घ्या.

सरकारी मदतीचं थोडक्यात. तुमच्यापैकी बरेच जण वर्क व्हिसावर आहेत, त्यांना उत्पन्नावर आधारित भत्ते मिळत नाहीत. पण वीज-गॅस कंपन्यांची प्रायॉरिटी सर्व्हिसेस नोंद ही भत्ता नाही. घरात पाच वर्षांखालचं मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर मोफत नाव नोंदवता येतं. पुरवठा बंद पडला तर अशा घरांकडे आधी लक्ष दिलं जातं.

कडाक्याची थंडी पडून एखाद्या सकाळी बॉयलर गुडगुड करून बंद पडला, तर आधी बाहेर जा. भिंतीतून निघणारी पांढरी प्लास्टिकची नळी बघा. कंडेन्सिंग बॉयलरचं पाणी तीतून बाहेर पडतं आणि ते गोठतं. २०१० च्या डिसेंबरात, त्या विक्रमी थंडीत, यानेच घरोघरी बॉयलर अडले होते. नळीवर कोमट पाणी ओता, उकळतं नाही, आणि बॉयलर रीसेट करा. मेकॅनिकचा फेरा वाचेल. नळीवर फोमचं वेष्टण चढवून घ्या.

बॉयलरचं झाकण मात्र स्वतः उघडायचं नाही. वर्षातून एकदा सर्व्हिसिंग करून घ्या, तेही सप्टेंबरात, डिसेंबरात कुणी मिळत नाही. येणाऱ्या माणसाचं गॅस सेफ कार्ड, म्हणजे गॅसचं काम करायच्या अधिकृत नोंदणीचं ओळखपत्र, मागा. पाठीमागे त्याला कोणकोणती कामं करायची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं, ते वाचा. "ओळखीचा आहे, रोख दिले की स्वस्तात करतो" असा माणूस गॅसला हात लावत असेल तर त्याला चहा द्या आणि परत पाठवा. भाड्याच्या घरात वर्षातून एकदा गॅसची तपासणी करून घेणं घरमालकाला कायद्याने भाग आहे, त्या कागदाची प्रत तुम्हाला मिळालीच पाहिजे.

कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. घरातल्या सगळ्यांचं डोकं एकदम दुखतंय, मळमळतंय आणि बाहेर गेलं की बरं वाटतंय, तर सर्दी-ताप समजून झोपू नका. गॅस बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा. अलार्म वीस-पंचवीस पौंडांत येतो. बॉयलर आहे त्या खोलीत लावा आणि महिन्यातून एकदा बटण दाबून बघा. बार्बेक्यू किंवा कोळशाची शेगडी ऊब मिळावी म्हणून घरात कधीही आणू नका. आणि गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणालाही हात न लावता खिडक्या उघडा आणि बाहेर येऊन ०८०० १११ ९९९ ला फोन करा. हा नंबर चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे.

इथे टेबलावर रेडिएटरच्या चाव्या ठेवल्या आहेत, ज्यांच्याकडे नाही त्यांनी एकेक घ्या. बॉयलरचं नाव आणि मॉडेल मोबाईलमध्ये असेल तर दाखवा, कुठलं बटण कुठे असतं ते सांगतो.