भुऱ्याचे दात

(दृश्य: शहापूर, बेळगाव. सकाळ. पागोळ्यांचं पाणी. शेजारून मागाचा खटखटाट.)

आषाढातला पाऊस. शहापुरातल्या या घरात चहाच्या आधी वजनकाटा मांडला जातो. त्यावर स्टीलचं पातेलं आणि पातेल्यात भुऱ्या, या घरातला गिनीपिग. ८१० ग्रॅम. चार दिवसांपूर्वी ८४० होता.

त्या दिवशी तो नातीच्या हातून निसटला आणि फरशीवर तोंडघशी पडला. वरचे पुढचे दोन्ही दात तुटले. पोरीचं रडं थांबेना. "अज्जी, आता ह्याला दात येणारच नाहीत काय गं?"

येतील. गिनीपिगचे वीसच्या वीस दात जन्मभर वाढत असतात. मुळाला इजा नसेल, तर तुटलेला पुढचा दात साधारण दोन-तीन आठवड्यांत पुन्हा वर येतो.

काळजी करायची ती पोटाची. गिनीपिगचं आतडं सतत चालतं लागतं. अर्धा-एक दिवस पोटात काही गेलं नाही, की ते मंदावतं, पोट फुगतं आणि जीवावर बेततं. भुऱ्याला भूक आहे, पण तोडता येत नाही. दाढा शाबूत आहेत, तोंडात गेलेलं तो चावतो.

(दृश्य: विळीवर ढब्बू मिरची.)

म्हणून अज्जी गाजर किसते, ढब्बू मिरचीच्या काड्या चिरते. मिरची मुद्दाम. माणसासारखंच गिनीपिगच्या अंगात क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते रोज खाण्यातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं की दात ठिसूळ होतात. न पडता, न आपटता दात तुटला, तर आधी त्याचं खाणं तपासा.

पहिले दोन दिवस तेही पुरलं नाही. तेव्हा गिनीपिगचं गोळीखाद्य कोमट पाण्यात भिजवून, कालवून, बिनसुईच्या सिरिंजने भरवलं. सिरिंज समोरून घालायची नाही, घास श्वासनळीत जाऊ शकतो. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, तिथून, बाजूने, थेंब थेंब. एक घास चावून झाला की दुसरा. या कामाला घाई चालत नाही.

जनावरांच्या डॉक्टरांनी वरच्या मुळांइतकेच खालचे दात निरखून पाहिले. वर घासायला जोडीदार नाही म्हटल्यावर खालचे दात वाढतच जातात, कधी टाळूला टोचतात. जास्त वाढले तर डॉक्टर यंत्राने घासून देतात. घरी नेलकटर लावू नका, मी हे कळकळीने सांगतो. दात उभा चिरतो आणि चीर मुळापर्यंत जाते. घरातलं माणसांचं औषधही देऊ नका. पेनिसिलिनच्या जातीची औषधं तोंडावाटे दिली, तर गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि जनावर दगावू शकतं.

वाळलं गवत मात्र पिंजऱ्यात कायम हवं, दाढा त्यानेच झिजतात. या पावसात गवताला बुरशी धरते, म्हणून अज्जीने पेंढी चुलीच्या वर टांगलीय.

(दृश्य: परडं. ओली हरळी.)

सतरावा दिवस. ८३५ ग्रॅम. वर दोन पांढरे कोंब, अजून खालच्या दातांना टेकलेले नाहीत. आज संकष्टी. अज्जी देवाच्या दूर्वा निवडतेय आणि उरलेली हरळी नात पुसून कोरडी करतेय. एक लांब पात भुऱ्यासमोर धरलीय. तो हुंगतो, ओढतो, सोडतो. पुन्हा ओढतो.

पात मधोमध तुटते.